एक दिवसाआड बिघडणारा चहा : प्रकल्प नोंदी

१४ जून
तक्रार अशी, की घरचा चहा एक दिवस फक्कड होतो आणि दुसऱ्या दिवशी काळपट, बोथट. करणारे हात तेच, पातेलं तेच, डबा तोच. आईंचा संशय दूधवाल्यावर, बाबांचा नव्या पुड्यावर. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंचा संशय माझ्यावर, कारण मी पुण्याची आणि त्यांच्या मते पुण्यात चहा उकळत नाहीत, नुसता दाखवतात.

गौरीपूजनाला संध्याकाळी हळदीकुंकू असतं. इंदुरातल्या आमच्या रामबागेतल्या अर्ध्या ओळखीच्या बायका येतात आणि चाळीसेक कप चहा लागतो. त्याच्या आत कारण सापडून माप ठरलं पाहिजे.

आजचं काम फक्त मोजमाप. आमचा कप काठापासून बोटभर खाली भरला की १२० मिली. डब्यातला चमचा सपाट भरला तर पत्ती २ ग्रॅमच्या थोडी वर, शीग लावली तर ४ च्या जवळ. म्हणजे ‘दोन चमचे टाकले’ या वाक्याला काही अर्थ नाही. आई शीग लावतात, मी सपाट घेते, बाबा डबाच पातेल्यावर झटकतात. यापुढे सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर.

१६ जून
चव घेण्याची पद्धत ठरवली. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. ते १९८० साली आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं. दर १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, खळखळतं पाणी, चिनी मातीचं झाकणाचं भांडं, सहा मिनिटं. हा काही पिण्याचा सर्वोत्तम चहा नव्हे, दोन चहा समोरासमोर ठेवून तुलना करता यावी म्हणून ठरवलेला चहा आहे. मानकात एक गंमत आहे. दूध घालायचंच तर आधी वाडग्यात दूध आणि मग चहा, म्हणजे दूध भाजत नाही. हे आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं, विलायतेत थंड दूध घालत असतील. आपलं उकळलेलं असतं, त्याला काय भाजायचं राहिलंय?” मुद्दा बरोबर आहे.

आपल्याकडे दोन पांढऱ्या झाकणाच्या बरण्या आहेत, लोणच्याच्या पण वास गेलेल्या. काम भागेल.

१९ जून
सियागंज बाजारात जाऊन सुटी पत्ती आणली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, “कड़क चाहिए कि खुशबू?” सगळं शास्त्र त्यात आलं. मोठ्या दाण्याची पत्ती हळू उतरते, वास जास्त टिकवते. डस्ट, म्हणजे भुकटी, दोन मिनिटांत रंग सोडते आणि हॉटेलवाल्यांना परवडते. पोत्यांवरची अक्षरं अशी वाचायची: बीओपी म्हणजे मोठा दाणा, बीपी त्याहून लहान, पीडी आणि डी म्हणजे बारीक भुकटी. या अक्षरांवरून फक्त आकार कळतो. बारीक म्हणजे हलका माल असं नाही.

हे दाणे म्हणजे सीटीसी. पानं दातेरी रुळांमधून चिरडत, फाडत, वळत नेतात. १९३० च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी हे यंत्र बसवलं. पान इतकं फुटलेलं असतं की रंग आणि कडकपणा झपाट्याने पाण्यात येतो. दूधसाखरेच्या चहाला हाच माल हवा. दार्जिलिंगच्या अख्ख्या पानात दूध घालणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

ठरवलं: आसामचा बीपी तीन भाग, पीडी एक भाग. दाण्याने वास, भुकटीने रंग. दोन्ही घरी आणून एकाच डब्यात हलवून ठेवले. बाबांच्या पुड्यावरचा संशय तपासायला जुना पुडा आणि हे मिश्रण एकाच पाण्यात करून पाहिले. फरक आहे, पण तो वासाचा. ‘काळपट’ हा शब्द दोन्हीपैकी एकालाही लागू पडला नाही.

२३ जून
कारण सापडलं असं वाटतंय.

आठवडाभर कागदावर नुसतं ‘बरा’ आणि ‘वाईट’ लिहीत होते. आज त्याच कागदाशेजारी कॅलेंडर ठेवलं, ज्यावर आई ‘नर्मदा’ असं लिहून ठेवतात. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि त्याला कुणी पाणी म्हणत नाही. “आज नर्मदा आली का?” असंच विचारतात. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा घाट चढवून ती १९७८ साली पहिल्यांदा शहरात आली. बाबा तेव्हा कॉलेजात होते. अजूनही विषय निघाला की ते खुर्ची पुढे ओढतात.

नर्मदा येते त्या दिवशी हौद भरतो आणि वरच्या टाकीत तीच चढते. दुसऱ्या दिवशी हौद खाली गेला की बोरिंग चालू होतं. स्वयंपाकघरातल्या नळाला टाकीत जे असेल ते. प्यायला आरओ आहे, पण चहाला कुणी आरओचं घेत नाही. “उकळायचंच आहे ना, मग चांगलं पाणी कशाला घालवायचं?” हे घरातलं तत्त्व आहे.

दोन्ही पाणी वेगवेगळ्या लोट्यांत धरलं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा पेन बुडवला. नर्मदेचं लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास, बोरिंगचं ८०० च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं, म्हणजे बोरिंग काही विष नाही. पण पेन नुसते विरघळलेले क्षार सांगतो, त्यातलं कॅल्शियम किती ते सांगत नाही. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं पाणी जड असणार हे साबणाच्या फेसावरूनही कळतं. बोरिंगच्या दिवशी साबण फेसाळत नाही, हे धुणंवाल्या मावशींना मीटरशिवाय ठाऊक होतं.

दोन बरण्या, दोन पाणी, एकच पत्ती, सहा मिनिटं. नर्मदेचा चहा लालसर, काठाला तांबूस कडा, जिभेवर झणझणीत. बोरिंगचा तपकिरी-काळा, चवीला बोथट आणि वर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा. चमच्याने ढकलला तर त्याच्या चकत्या होतात. आई म्हणाल्या, “हीच ती. मी दुधाची साय समजत होते.” आणि यात दूध नव्हतंच.

हा पापुद्रा तेलाचा नाही, मेणाचाही नाही. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो आणि देओगराटियस जगान्यी यांनी यावर काम केलं आणि १९९३ साली ‘नेचर’मध्ये छापलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही हजर असतील, तर चहातले पॉलिफेनॉल्स, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, पृष्ठभागावर हवेतल्या प्राणवायूशी मिळून हा थर धरतात. हलक्या पाण्यात तो धरत नाही. आंबट घातलं तरी धरत नाही.

म्हणून बोरिंगच्या चहात लिंबाचे चार थेंब टाकले. रंग डोळ्यांदेखत उजळला. चहाची रंगद्रव्यं आम्लात फिकट आणि अल्कलीत गडद होतात. बायकार्बोनेटवालं पाणी किंचित अल्कलीकडे झुकतं, म्हणून तो काळपटपणा. याचा अर्थ असाही, की चहा काळा दिसला म्हणजे कडक झाला असं धरता येत नाही. बोरिंगच्या चहाला आई ‘रंग तर आलाय’ म्हणून पत्ती कमी टाकत होत्या आणि मग तो आणखी बोथट होत होता.

२६ जून
उपायांची चाचणी.

बोरिंगचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळलं, झाकून गार केलं, वरचं निवळ अलगद दुसऱ्या भांड्यात घेतलं. तळाशी पांढरी भुकटी उरली. उकळल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन खाली बसतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. या निवळीचा चहा स्पष्टपणे सुधारला, पापुद्रा जवळपास गेला. पण सगळे क्षार जात नाहीत आणि एका चहासाठी गॅस दोनदा जाळायचा हे पटत नाही.

आरओचं पाणी: रंग सुरेख, पण चव कडेने तीक्ष्ण आणि मध्ये पोकळ. थोडे क्षार चहाला हवेतच असं माझं मत झालं. शिवाय आरओचं यंत्र एक लिटर देताना त्याहून जास्त मोरीत सोडतं. आईंचा आक्षेप मान्य, वेगळ्या कारणाने.

निर्णय अगदी साधा निघाला. माळ्यावर तोटीचं स्टीलचं पिंप पडून होतं. नर्मदा येईल तेव्हा ते थेट रस्त्याच्या नळावरून भरायचं, टाकीत जाऊ द्यायचं नाही. आम्हा सगळ्यांचा दोन दिवसांचा चहा त्यात सहज भागतो. ‘ताजंच पाणी हवं, साठवलेल्यात प्राणवायू नसतो’ असं पुष्कळदा वाचायला मिळतं. पाण्याला उकळी आली की विरघळलेला वायू तसाही निघून जातो, त्यामुळे या नियमाचं मला फारसं वजन वाटत नाही. पाणी शिळं नको एवढं खरं.

१ जुलै
छोटी नोंद. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळतं. सीटीसीला याने काही फरक पडत नाही. आसामच्या पत्तीला जितकं गरम तितकं चांगलं, म्हणून पत्ती टाकताना पाणी खळखळतंच हवं. बुडबुडे दिसले की टाकायची, ही घाई नको.

५ जुलै
दूध कधी. या विषयावर घरात तीन पक्ष आहेत आणि उद्या आषाढी, म्हणजे उपासामुळे चहाचा खप दुप्पट. प्रयोगाला माणसं आयती मिळाली.

माझा पक्ष: पाण्याला उकळी, पत्ती, गॅस बंद, झाकण, चार मिनिटं, मग वेगळं तापवलेलं दूध. जाऊबाईंचा पक्ष: पाणी, दूध, पत्ती, साखर सगळं एकत्र आणि तीनदा वर येऊ द्यायचं. आई मध्ये: आधी पाण्यात पत्ती उकळायची, रंग आल्यावर दूध, मग एक उकळी.

पत्ती, पाणी, दूध सारखं धरून तिन्ही केले. जाऊबाईंच्या चहाला रंग यायला सर्वांत जास्त वेळ लागला. दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन, पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतात. त्याने तुरटपणा कमी होतो हे चांगलं, पण पत्ती दुधात शिजवली तर तेच काम सुरुवातीपासून चालू होतं आणि मग हवा तो कडकपणा काढायला उकळत बसावं लागतं. उकळत बसलं की दूध आटतं. चौकातल्या ठेल्यावरच्या चहाला जी गोडसर, भाजकट चव असते ती त्या आटलेल्या दुधाची. मला ती आवडते, विशेषतः रात्री सराफ्यात खाऊन झाल्यावर. पण तो वेगळा पदार्थ आहे. सकाळी सहाला पोटात दोन घोट जावेत म्हणून केलेल्या चहाशी त्याची तुलना करू नये.

माझ्या पद्धतीचा एक दोष बाबांनी काढला आणि तो खरा आहे: चहा गार होतो. चार मिनिटं झाकून, वरून दूध, वरून कप. ७० अंशांच्या खाली आलेला चहा बाबा सिंकमध्ये ओततात.

शेवटी आईंची पद्धत थोडी बदलून ठरली. पाण्यात पत्ती मंद आचेवर दोन मिनिटं, बंद करून झाकण दोन मिनिटं, मग उकळतं दूध घालून एकदाच कडेला बुडबुडे येईपर्यंत. दुधात पत्ती रेंगाळू द्यायची नाही, लगेच गाळायचं.

दुधाचं: फुल क्रीममध्ये फॅट ६ टक्के, टोन्डमध्ये ३. फुल क्रीमचा चहा गुळगुळीत होतो पण पत्तीचा वास झाकतो. दोन भाग पाणी, एक भाग टोन्ड दूध असा हिशेब जमला. म्हशीचं घरचं दूध असेल तर तीनाला एक पुरे.

जाता जाता. १९३० आणि ४० च्या दशकांत चहाचा खप वाढावा म्हणून देशभर पत्रकं लावून, प्रात्यक्षिकं करून लोकांना चहा करायला शिकवला गेला. ताजं उकळलेलं पाणी, किटली आधी गरम, मोजून पत्ती, मुरायला वेळ. लोकांनी त्यातलं एकच ऐकलं: चहा प्यावा. बाकीचं आपापलं केलं आणि बरं केलं.

१२ जुलै
पाऊस सुरू, त्यामुळे आल्याची मागणी.

दूध फाटण्याची तक्रार सगळ्यांचीच असते, म्हणून मुद्दाम फाडून पाहिलं. कोमट-गरम दुधात ताज्या आल्याचा रस घातला आणि हलवलं नाही. थोड्या वेळाने ते दह्यासारखं धरलं. आल्यात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. ६०-७० अंशांच्या आसपास ते जोरात काम करतं. चीनच्या दक्षिणेत याच गुणावर दुधाचा एक गोड पदार्थ करतात. खळखळून उकळलं की एन्झाइम मरतं. म्हणून आलं कायम पाण्यात, आधी, उकळत्यात. गॅस बंद केल्यावर वरून किसलेलं आलं टाकायचं आणि मग दुधाला नावं ठेवायची, हे बंद.

वेलदोड्याचं उलट. त्याचा वास उडून जाणारा, पाच मिनिटं उकळला तर स्वयंपाकघराला वास आणि कपात काही नाही. दाणे ठेचून झाकण ठेवताना टाकायचे. सालं आधी पाण्यात गेली तरी चालतं.

गवती चहा गच्चीवरच्या कुंडीतला. दोन पाती, गाठ मारून, पत्तीच्या आधी मिनिटभर. बारीक कापून टाकली तर गाळणीतून तुसं येतात. मसाला हा प्रकार आमच्या घरात कुणाला नको आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही.

२० जुलै
गूळ. धाकट्या दिरांचा आग्रह. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, उकळत्या दुधाच्या चहात पडला की फाटण्याचा धोका. चहा गाळून, कपात गूळ आणि वर चहा असं केलं तर सुरक्षित. चव चांगली, पण पत्तीचं काही कळत नाही. साखरेपेक्षा तो ‘औषधी’ आहे या दिरांच्या म्हणण्यावर बाबांची शुगर तपासणारे डॉक्टर हसले.

त्याच डॉक्टरांनी जाऊबाईंना हिमोग्लोबिनसाठी सांगितलेलं इथे लिहून ठेवते, कारण सकाळी आपण सगळे तेच करतो: पोह्यांवर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्यावा. चहातले पॉलिफेनॉल्स जेवणातल्या लोहाला धरतात. पोह्यांवर लिंबू पिळतो ते मात्र लोहाच्या बाजूचं. इंदुरात पोह्यांनंतर तासभर चहाशिवाय बसणं अवघड जाणार, जाऊबाईंनी तसं लगेच जाहीरही केलं.

१० ऑगस्ट
बर्तन बाजारातून जाड बुडाचं, तोंडाला पन्हाळ असलेलं स्टीलचं पातेलं आणलं. जुनं ॲल्युमिनियमचं पातळ बुडाचं होतं, दूध लागायचं. झाकण घट्ट बसतं हे तपासूनच घेतलं, कारण अर्धी पद्धत झाकणावर आहे. गाळणी बारीक जाळीची घेतली, पीडीचा गाळ कपात येत होता. पत्ती चमच्याने गाळणीत दाबून पिळायची नाही, त्याने शेवटचा तुरटपणा कपात उतरतो. बाबा अजून पिळतात.

३० ऑगस्ट
मोठ्या मापाची तालीम. दोन कपांच्या मापाला विसाने गुणून चालत नाही. छोट्या पातेल्यात बरंच पाणी वाफेत जातं, मोठ्या पातेल्यात त्या मानाने कमी. आणि मोठं पातेलं गार व्हायलाही वेळ घेतं, म्हणजे गॅस बंद केल्यावरही पत्ती जोरात उतरत राहते. तेवढीच मिनिटं मुरवला तर चाळीस कपांचा चहा जास्त कडक होतो.

दुसरा प्रश्न थर्मासचा. दूध घातलेला चहा थर्मासमध्ये तासभर राहिला की शिळ्या दुधाचा वास धरतो. बिनदुधाचा गाळलेला चहा बरा टिकतो. म्हणून कोरा चहा एका थर्मासमध्ये, उकळतं दूध दुसऱ्यात, साखर वेगळी. कपात दूध आधी की चहा आधी, याचा निकाल त्या दिवशी ओतणाऱ्याने लावावा.

हळदीकुंकवाचा कप लहान, १०० मिलीचा. चाळीस कपांना: पाणी ३ लिटर, पत्ती ९० ग्रॅम, आलं ६० ग्रॅम ठेचून. पत्ती टाकल्यावर एक मिनिट मंद, झाकण दोन मिनिटं, गाळून थेट थर्मासमध्ये. पत्ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसते, ते आणि वाफ सोडून हातात अडीच लिटरच्या वर येतो. दूध दीड लिटर.

नर्मदा उद्या येणार आहे. पिंप आणि शेजारी एक कळशी भरून ठेवायची.

१ सप्टेंबर, गौरीपूजन
नर्मदा काल आली, वेळेवर. पाणी पुरलं.

कोरा चहा चार वाजता भरला, शेवटचा कप सातच्या पुढे गेला. रंग शेवटपर्यंत लाल. पापुद्रा कुठेच नाही. दुधाचा थर्मास एकदा रिकामा झाला, पाव लिटर जास्त घ्यायला हवं होतं, कारण काही जणी लहान मुलांना नुसतं दूध पाजतात. माप सुधारून पावणेदोन लिटर केलं.

पाचजणींना बिनसाखरेचा हवा होता, साखर वेगळी असल्यामुळे जमलं. दोघींनी कॉफी मागितली. जाऊबाईंनी स्वतःचा कप घेऊन स्वयंपाकघरात नेला आणि पातेलीत ओतून तीनदा वर येऊ दिला.

३ सप्टेंबर
माप लिहिलेला कागद ओट्यावरच्या फरशीला चिकटवला, दोन कपांचं आणि चाळीस कपांचं. पिंपावर ‘फक्त चहा’ लिहिलं आहे. आई त्यातलंच पाणी आता वरणालाही घेतात, डाळ लवकर शिजते म्हणून, आणि ते खरंच आहे, जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो. त्यामुळे एक पिंप पुरत नाही. दुसरं घ्यायचं, तोटीचं, वीस लिटरचं. पुढच्या नर्मदेच्या आत.